मशीन म्हणतं 158, लॅब म्हणते 136

सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्यायचं, घरी येऊन नाश्ता करायचा, दोन तासांनी पुन्हा लॅब गाठायची, आणि निघता निघता घरच्या ग्लुकोमीटरवरही एकदा बोट टोचून बघायचं. मधुमेह असलेल्या अनेक घरांतला हा ठरलेला कार्यक्रम. संध्याकाळी रिपोर्ट येतो: पीपी, म्हणजे खाल्ल्यानंतरची साखर, 136. मशीनने दाखवलेले असतात 158. ‘मशीन बिघडलंय’ असा निकाल लगेच लागतो. केमिस्ट दुसऱ्या कंपनीचं मशीन पुढे करतो, त्यावर तिसराच आकडा येतो. आता घरात कोणाचाच कोणावर विश्वास उरत नाही. काहीजण मशीन कपाटात टाकून देतात, काहीजण रिपोर्टवर शंका घेतात, आणि काहीजण दोन्हींची सरासरी काढून गोळी घेतात. यातला शेवटचा मार्ग सगळ्यांत वाईट.

वास्तविक 136 आणि 158 हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कसे, ते समजून घ्यायचं तर आधी त्या छोट्याशा पट्टीत काय घडतं ते बघायला हवं.

पट्टीच्या टोकाशी एक एन्झाइम सुकवून बसवलेलं असतं. बहुतेक पट्ट्यांमध्ये ते ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज यांपैकी एक असतं. रक्ताचा थेंब टोकाला लागला की तो केसाएवढ्या नळीतून आपोआप आत ओढला जातो. एन्झाइम रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या विद्युतवाहक थरापर्यंत पोचवतं, आणि मशीन तो अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह मोजतं. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. म्हणजे मशीन साखर थेट मोजत नाही. ते वीज मोजतं आणि कारखान्यात बसवलेल्या गणितावरून साखरेचा आकडा सांगतं. पाच सेकंदांत, अर्ध्या मायक्रोलिटर रक्तावर. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. हे रक्त किती थोडं आहे ते ध्यानात ठेवलेलं बरं, कारण पुढच्या बऱ्याच भानगडी त्या थोडेपणातूनच निघतात.

या साधनाचा इतिहास फार जुना नाही. 1965 साली अमेरिकेतल्या एम्स कंपनीने ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ नावाची कागदी पट्टी आणली. तिच्यावर आजच्या मानाने जवळपास शंभरपट मोठा थेंब टाकायचा, घड्याळ लावून बरोबर साठ सेकंद थांबायचं, पाण्याने रक्त धुऊन टाकायचं आणि उरलेला निळा रंग बाटलीवरच्या रंगपट्ट्याशी ताडून बघायचा. दोन नर्सना एकच पट्टी दाखवली तर दोन उत्तरं यायची. म्हणून त्याच कंपनीच्या अँटन क्लेमेन्स यांनी रंग डोळ्यांऐवजी प्रकाशाने वाचणारं यंत्र बनवलं. ते सुमारे दीड किलो वजनाचं होतं, किंमत साडेसहाशे डॉलर होती आणि ते फक्त डॉक्टर व रुग्णालयांसाठी होतं. रात्री तातडीच्या विभागात आणलेला बेशुद्ध माणूस मधुमेहाने पडला आहे की दारूने, हे ओळखायला त्याचा उपयोग व्हायचा.

हे यंत्र घरी आणणारा पहिला रुग्ण होता न्यूयॉर्कचा रिचर्ड बर्नस्टाइन. वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह असलेला हा गृहस्थ व्यवसायाने इंजिनिअर. 1969 मध्ये कंपनीने रुग्णाला यंत्र विकायला नकार दिला, पण त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावाने यंत्र मागवलं गेलं. तो दिवसातून पाचेक वेळा तपासणी करू लागला आणि त्यावरून इन्सुलिन व आहार बदलू लागला. त्याने आपले निष्कर्ष लिहून पाठवले तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी ते परत केले. मग पठ्ठ्याने पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि डॉक्टर होऊन तेच सांगितलं. 2025 साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्याचं निधन झालं. तोपर्यंत त्याने सुरू केलेली गोष्ट जगभर नित्याची झाली होती. मधल्या काळात लेलँड क्लार्क यांच्या 1962 च्या ‘एन्झाइम इलेक्ट्रोड’च्या कल्पनेवर उभं राहिलेलं, पेनाएवढं ‘एक्झॅकटेक’ मीटर 1987 मध्ये बाजारात आलं, आणि रंग वाचण्याचा जमाना मागे पडून वीज मोजण्याचा सुरू झाला.

घरोघरी मीटर आले तसा प्रश्न उभा राहिला: चूक किती चालेल?

याचं उत्तर ‘आयएसओ 15197’ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. 2003 च्या पहिल्या आवृत्तीत बरीच सूट होती. साखर 75 च्या वर असेल तर 20 टक्के इकडे-तिकडे चालेल, असं तिचं म्हणणं होतं. 2013 मध्ये ती कडक झाली. आता खरी साखर 100 किंवा त्याहून जास्त असेल तर मशीनचा आकडा 15 टक्क्यांच्या आत हवा. 100 पेक्षा कमी असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत हवा. आणि हे शंभरातल्या किमान 95 वाचनांत जमायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, 2016 मध्ये घरगुती मीटरसाठी स्वतःची अपेक्षा मांडली. 95 टक्के वाचनं 15 टक्क्यांच्या आत आणि 99 टक्के वाचनं 20 टक्क्यांच्या आत, तीही साखर कमी असताना आणि जास्त असताना सारखीच.

हे नियम ऐकायला कडक वाटतात. गणित मांडलं की चित्र थोडं बदलतं. समजा एखाद्याची खरी साखर 140 आहे. 15 टक्क्यांच्या हिशेबाने 119 पासून 161 पर्यंतचा कोणताही आकडा उत्तीर्ण. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन मशीनपैकी एकाने 122 आणि दुसऱ्याने 158 दाखवलं, तरी दोन्ही नियमात बसतात. शिवाय वीसातलं एक वाचन या पट्ट्याबाहेर गेलं तरी मशीन नापास होत नाही. आज 143, काल 151, म्हणजे आज आठने उतरली, असा आनंद किंवा दुःख करणाऱ्यांनी हे गणित एकदा वहीत लिहून ठेवावं. एवढ्या फरकाला मशीनच्या लेखी काहीच अर्थ नाही. अर्थ असतो तो आठवडाभराच्या कलाला.

मग अशा ढोबळ यंत्राचा उपयोग काय? हा प्रश्न 1980 च्या दशकात अमेरिकेच्या व्हर्जिनिया विद्यापीठात विल्यम क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या अंगाने सोडवला. त्यांचा मुद्दा असा होता की मशीन किती टक्के चुकलं हे बघण्याआधी, त्या चुकीमुळे रुग्णाने चुकीचं पाऊल उचललं का ते बघा. 1987 मध्ये त्यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर खरी साखर, उभ्या अक्षावर मशीनची, आणि कागदाचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच विभाग. ‘ए’ म्हणजे आकडा जवळ. ‘बी’ म्हणजे आकडा लांब, पण निर्णय तोच. ‘सी’मध्ये विनाकारण उपचार होतो. ‘डी’मध्ये साखर धोकादायक आहे आणि मशीन सारं आलबेल असल्याचं सांगतं. ‘ई’ सर्वांत भयंकर: साखर कमी असताना मशीन जास्त दाखवतं किंवा उलट, आणि रुग्ण नेमका विरुद्ध इलाज करतो.

या आलेखाने विचार करायची पद्धतच बदलली. खरी साखर 260 आणि मशीनवर 300, म्हणजे चाळिसाचा फरक. तरीही दोन्ही आकड्यांवर करायचं ते एकच: औषध, जेवण, पाणी यांकडे बघा, डॉक्टरांशी बोला. पण खरी साखर 62 आणि मशीनवर 77, हा फरक जेमतेम पंधराचा, आयएसओच्या नियमात चपखल बसणारा. तरी इथे मात्र गोष्ट गंभीर. 70 च्या खाली साखर गेली की ताबडतोब काहीतरी गोड खायचं असतं; 77 वाचून माणूस निवांत बसतो. म्हणूनच हात थरथरतायत, दरदरून घाम आलाय, डोकं भणभणतंय आणि मशीन 80 म्हणतंय, तर शरीराचं ऐकायचं. ग्लुकोजची पावडर किंवा साखरपाणी आधी, मशीनशी वाद नंतर.

मानकं कागदावर असतात. दुकानातल्या डब्यांचं काय? ते तपासायचं काम अमेरिकेतल्या ‘डायबिटीस टेक्नॉलॉजी सोसायटी’ने केलं आणि 2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. अमेरिकी बाजारातली 18 मीटर सामान्य गिऱ्हाइकासारखी दुकानांतून घेतली गेली, तीन वेगवेगळ्या ठिकाणी हजाराहून जास्त लोकांच्या रक्तावर तपासली गेली, आणि आकडे प्रयोगशाळेच्या मोजमापाशी ताडून पाहिले गेले. 18 पैकी फक्त 6 मीटर तिन्ही ठिकाणी उत्तीर्ण झाली. बाकीच्या 12 मीटरनाही विक्रीची सरकारी मंजुरी होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उत्तीर्णांच्या यादीत नावाजलेल्या कंपन्यांबरोबर वॉलमार्ट आणि सीव्हीएस या दुकानसाखळ्यांच्या नावाने विकली जाणारी मीटरही होती. महाग तेच अचूक, हा समज त्या यादीने मोडीत काढला. या पाहणीचा खर्च अ‍ॅबट या मीटर बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता आणि तिचं एक मीटर उत्तीर्णांत होतं, हेही सांगायला हवं. मात्र प्रतिस्पर्धी कंपन्यांची मीटरही त्याच यादीत आहेत.

कंपन्यांचं वागणं नेहमीच धुतल्या तांदळासारखं नव्हतं. जॉन्सन अँड जॉन्सनची त्या काळची उपकंपनी लाइफस्कॅन हिच्या ‘शुअरस्टेप’ मीटरमध्ये साखर 500 च्या वर गेली की कधी कधी ‘हाय’ असं दाखवण्याऐवजी ‘ईआर 1’ हा त्रुटीचा संकेत यायचा. रुग्ण समजायचा, पट्टी खराब आहे. दोष माहीत असूनही कंपनीने तो सरकारला नीट कळवला नाही. 2000 च्या डिसेंबरात तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून 6 कोटी डॉलर भरले. पुढे 2013 मध्ये याच कंपनीला दुसरं एक मॉडेल, ‘व्हेरिओ आयक्यू’, परत मागवावं लागलं. साखर 1024 किंवा त्याहून जास्त झाली की ते इशारा देण्याऐवजी चक्क बंद पडायचं. संगणकाशी खेळणाऱ्यांना 1024 हा आकडा कुठून आला असेल याचा अंदाज लगेच येईल.

एन्झाइमच्या निवडीने तर माणसं दगावली आहेत. ग्लुकोज डिहायड्रोजनेजच्या एका प्रकाराला, ज्याला तंत्रज्ञ ‘जीडीएच-पीक्यूक्यू’ म्हणतात, ग्लुकोज आणि माल्टोज या दोन शर्करांमधला फरक कळत नाही. एरवी रक्तात माल्टोज जवळपास नसतंच, त्यामुळे बिघडत नाही. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांचं डायलिसिस पोटातून केलं जातं आणि त्यासाठीच्या एका द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन असतं. शरीरात त्याचं माल्टोज होतं. अशा रुग्णाची खरी साखर धोक्याच्या खाली गेलेली असताना मशीन भरपूर साखर दाखवायचं, नर्स इन्सुलिन टोचायची आणि साखर आणखी खाली जायची. ऑगस्ट 2009 मध्ये एफडीएने सार्वजनिक इशारा दिला, तेव्हा 1997 पासूनच्या अशा 13 मृत्यूंची नोंद तिच्याकडे होती. त्यानंतर कंपन्या दुसऱ्या एन्झाइमांकडे वळल्या. तरीही घरात कोणाचं पोटाचं डायलिसिस चालू असेल तर मीटर डॉक्टरांना दाखवूनच घ्यावं.

भारतातल्या वाचकाला याहून जवळचा धोका रक्ताचाच आहे. पट्टीत जातं ते अख्खं रक्त, लाल पेशींसकट. आणि मशीनला सांगायची असते त्यातल्या प्लाझ्मातली, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातली साखर, कारण लॅब तीच मोजते. मशीन रक्तात लाल पेशी साधारण किती असतील हे गृहीत धरून हिशेब करतं. पेशी कमी असतील, म्हणजे रुग्ण ॲनिमिक असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येण्याकडे झुकतो. पेशी जास्त असतील तर कमी. नवीन मीटर हा परिणाम मोजून दुरुस्ती करतात, जुनी आणि स्वस्तातली अनेक करत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. गरोदरपणातला मधुमेह सांभाळणाऱ्या बाईच्या मशीनवर 95 दिसत असेल आणि तिचं हिमोग्लोबिन 8 असेल, तर तो 95 प्रत्यक्षात कमी असू शकतो. पट्टीच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर मीटर कोणत्या ‘हेमॅटोक्रिट’ (लाल पेशींचं प्रमाण) मर्यादेत चालतं ते छापलेलं असतं. तो कागद क्वचितच कोणी उघडतं. ज्यांनी उघडायलाच हवा अशी घरं आपल्याकडे सर्वांत जास्त आहेत.

मोठ्या प्रमाणात शिरेतून दिलेलं क जीवनसत्त्व, काही पट्ट्यांवर पॅरासिटामॉल, आणि ग्लुकोज ऑक्सिडेजच्या पट्ट्यांवर रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण यांचाही परिणाम होतो. हे मुख्यतः रुग्णालयातले प्रश्न. घरातला मोठा गुन्हेगार वेगळाच आहे: हात.

2011 मध्ये जपानी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी लोकांना संत्रं, द्राक्षं, किवी अशी फळं सोलायला दिली आणि मग बोट टोचून साखर तपासली. हात धुतलेल्यांचे आकडे ठीक आले. न धुतलेल्यांचे भलतेच वर गेले, आणि बोट एकदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही फारसा उपयोग झाला नाही. गणित केलं तर यात नवल वाटत नाही. साखर 100 असताना अर्ध्या मायक्रोलिटर रक्तात अवघा अर्धा मायक्रोग्रॅम ग्लुकोज असतो. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण सात-आठ टक्के ग्लुकोज. त्या रसाचा मायक्रोलिटरच्या शंभराव्या भागाएवढा, डोळ्यांना न दिसणारा लेप बोटावर राहिला तरी मशीनचा आकडा सव्वाशे-दीडशेने वाढू शकतो. नाशिकच्या द्राक्षांच्या हंगामात ‘काल काही खाल्लं नाही तरी 240 कशी?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याआधी साबणाला विचारावा. गंमत म्हणजे चहात घालायची पांढरी साखर त्या मानाने निरुपद्रवी. ती सुक्रोज असते आणि पट्टीवरचं एन्झाइम तिला ओळखत नाही. फळं, मध आणि ग्लुकोजची पावडर मात्र थेट आकड्यात उतरतात.

तेव्हा कोमट पाणी, साबण, आणि हात पूर्ण कोरडे. ओलं बोट थेंब पातळ करतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळपिळून काढणं हीदेखील तशीच चूक, त्याने रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं. पहिला थेंब पुसायचा की वापरायचा, हा घराघरांत चालणारा वाद डच संशोधकांनी 2011 मध्येच बऱ्यापैकी मिटवला आहे: हात धुतले असतील तर पहिला थेंब चालतो, प्रवासात पाणीच नसेल तर पहिला पुसून दुसरा घ्यावा.

मग पट्ट्या. एन्झाइम हे प्रथिन आहे आणि त्याला दमट हवा व उष्णता दोन्हींचं वावडं. पट्ट्यांच्या बाटलीला आतून ओलावा शोषणारा थर असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी लावायचं. पट्ट्या मोकळ्या करून औषधांच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवणारे लोक कोकणातल्या जुलै महिन्यात स्वतःच स्वतःची फसवणूक करत असतात. बऱ्याच पट्ट्यांची साठवणुकीची वरची मर्यादा 30 अंश सेल्सिअस असते. विदर्भातला मे महिना, गाडीचा डॅशबोर्ड आणि ओट्यावरची शेगडीजवळची फळी या तिन्ही जागा त्या मर्यादेच्या बाहेर जातात. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर बाटलीत दव धरतं. पट्ट्या ठीक आहेत की नाहीत हे तपासायला ‘कंट्रोल सोल्युशन’ नावाचं ठरावीक साखरेचं द्रावण मिळतं. त्याचा थेंब पट्टीवर टाकला की आकडा बाटलीवर छापलेल्या पट्ट्यात यायला हवा. आपल्याकडच्या केमिस्टकडे ते मागितलं तर बहुधा मागवून घ्यावं लागतं. ही खरं तर विक्रेत्यांनी सुधारण्याची गोष्ट आहे.

आता त्या 136 कडे वळू. लॅबचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, हेही पूर्ण खरं नाही. पहिला फरक रक्त कुठलं याचा. बोटातलं रक्त केशवाहिन्यांतलं, लॅबचं शिरेतलं. उपाशीपोटी दोन्हींत साखर जवळपास सारखी असते. जेवणानंतर मात्र स्नायू आणि इतर ऊती रक्तातली साखर उचलत असतात, त्यामुळे शिरेत परतणाऱ्या रक्तात ती कमी झालेली असते. हा फरक 20-30 मिलिग्रॅमचा सहज असतो, कधी त्याहून मोठा. म्हणजे जेवणानंतर 158 आणि 136 हे दोन्ही आकडे एकाच माणसाचे, एकाच वेळचे आणि खरे असू शकतात.

दुसरा फरक नळीत पडतो. शरीराबाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के साखर अशी नाहीशी होते. ती थांबवण्यासाठी करड्या झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. पण फ्लोराइड साखर जाळण्याच्या साखळीतल्या बऱ्याच पुढच्या पायरीवर आघात करतं. मागच्या पायऱ्या चालूच राहतात आणि पहिला तास-दोन तास गळती जवळपास तशीच होते. गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर घेतलेली नळी स्कूटरवरून शहरातल्या मुख्य लॅबमध्ये जाईपर्यंत 140 चे 130 झालेले असू शकतात. बर्फात ठेवून लगेच प्लाझ्मा वेगळा काढणं किंवा सायट्रेटची नळी वापरणं हे यावरचे चांगले उपाय. ज्या लॅबचे तंत्रज्ञ रक्त घेतल्यापासून किती वेळात तपासणी होते हे विचारल्यावर चिडत नाहीत, ती लॅब निवडावी.

एककांचा घोळ वेगळाच. भारत आणि अमेरिकेत साखर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये लिटरला मिलिमोलमध्ये. 18 ने गुणलं की एकाचं दुसरं होतं. तिकडचे 7 म्हणजे इकडचे 126. लंडनहून मुलाने आईसाठी पाठवलेलं मीटर ‘9’ दाखवतं तेव्हा आई घाबरते, आणि 12.5 वाचून नात्यातलं कोणीतरी ‘दशांश चिन्ह चुकून पडलं असेल, 125 आहे’ असं सांगून मोकळं होतं. प्रत्यक्षात ते 225 असतात. एकक चुकून बदलू शकणाऱ्या काही मीटरबद्दल अमेरिकेत 2005 मध्येच इशारा निघाला होता. परदेशातून मीटर मागवूच नये. त्याच्या पट्ट्याही इथे बऱ्याचदा मिळत नाहीत.

आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. एवढ्या मोठ्या बाजारपेठेत मीटर ही बराच काळ कोणत्याही खास नियंत्रणाशिवाय विकली जाणारी वस्तू होती. 2018 च्या अखेरीस केंद्र सरकारने ग्लुकोमीटर औषध कायद्याच्या कक्षेत आणण्याची अधिसूचना काढली आणि जुलै 2021 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्यावरच्या व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली. त्याआधी जानेवारी 2014 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्याच, पुढाकाराने देशी मीटर जाहीर झाली होती. त्यातलं ‘सुचेक’ हे आयआयटी मुंबई आणि बायोसेन्स या कंपनीने मिळून बनवलेलं. मीटर हजार रुपयांच्या आत आणि पट्टी 2 ते 4 रुपयांत, असं तेव्हा सांगितलं गेलं. पट्टीच्या किमतीचा मुद्दा अचूकतेशी थेट जोडलेला आहे. पट्टी महाग असली की माणूस महिन्यातून एकदा तपासतो, आणि एकट्या आकड्यात मशीनची चूक व शरीराचा बदल वेगळे काढता येत नाहीत. 18 मीटरांसारखी खुली, नावं घेऊन केलेली पाहणी भारतीय बाजारातल्या मीटर आणि पट्ट्यांचीही नियमित व्हायला हवी, आणि निकाल मराठीसकट सगळ्या भाषांत लोकांपुढे यायला हवेत.

दंडावर चिकटवायचे सेन्सर आता शहरांत दिसू लागले आहेत. ते रक्तातली साखर न मोजता त्वचेखालच्या द्रवातली मोजतात. ती रक्ताच्या मागे पाच-दहा मिनिटं चालते. साखर वेगाने उतरत असताना सेन्सर म्हणूनच उशिरा बोलतो, आणि त्या कुशीवर झोपलं तर उगाच कमी साखरेचा गजर करतो. लक्षणं आणि आकडा जुळेनात तर बोटाच्या थेंबाने खात्री करायची, असं त्यांच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन विकल्या जातात, त्या मात्र घेऊ नयेत. अशा एकाही उपकरणाला आपण मान्यता दिलेली नाही, असं एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

मधुमेह आहे की नाही हे ठरवणं मीटरचं काम नाही. त्यासाठी शिरेतल्या रक्ताची लॅबमधली तपासणीच लागते. आहे हे ठरल्यावर तो सांभाळणं हे मीटरचं काम, आणि ते काम ते चांगलं करतं. तुमचं मीटर किती चांगलं करतं हे बघायचं असेल तर पुढच्या वेळी फास्टिंगसाठी जाताना ते बरोबर न्या. लॅबमध्येच हात साबणाने धुऊन कोरडे करा, शिरेतलं रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत बोट टोचा आणि आकडा रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा. लॅबचा आकडा 130 आला तर मीटरचा 111 ते 149 यांच्यात असायला हवा. हे दोन-तीन वेळा करा. दर वेळी आत बसला तर मीटर ठेवा. पुन्हा पुन्हा बाहेर जात असेल तर आधी पट्ट्यांची नवी बाटली घेऊन बघा, आणि तरीही जमेना तर मीटर बदला. जेवणानंतरच्या आकड्यांची तुलना मात्र करू नका.

आणि पडद्यावर कधी ‘हाय’ उमटलं तर मशीनच्या तब्येतीची चौकशी करत बसू नका. बहुतेक मीटरमध्ये त्याचा अर्थ साखर 600 च्या वर आहे असा असतो. हात धुऊन नव्या पट्टीने एकदा बघा. तेच आलं तर सरळ रुग्णालय गाठा.